डोरोथी हे नाव ऐकू येईना

मी लिहायला बसलो याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि अजून शिकतोच आहे. अनुभव सांगावा एवढं माझं वय नाही. पण हे घडलं तेव्हा हेडफोन माझ्या कानाला होते, म्हणून सांगतो.

"काहून बे, अर्धं पान अस्पष्ट? झोपून टाइप करून राहिला का?" संजूभाऊ माझ्या स्क्रीनकडे बोट दाखवत होते.

अमरावतीत त्यांचं ट्रान्स्क्रिप्शनचं ऑफिस आहे. कॉलेज सुटल्यावर मी तिथे काम करतो. रेकॉर्डिंग आधी सॉफ्टवेअर टाइप करतं, मग आम्ही ऐकून दुरुस्त करतो. शब्द कळलाच नाही तर अंदाज न करता तिथे ‘अस्पष्ट’ लिहायचं, असा नियम आहे.

माझ्याकडे अमेरिकेतल्या एका रिटायर्ड शिक्षिकेच्या आठवणी होत्या. मी मनात त्यांना बाईच म्हणायचो. बाई एकट्या राहायच्या. फोनवर बोलून रेकॉर्ड करायच्या, दुसऱ्या शहरातला मुलगा ते आम्हाला पाठवायचा. बाई नोकरीला लागल्या त्या वर्षी त्यांच्या गोऱ्या मुलांच्या शाळेत पहिल्यांदाच एक काळी मुलगी आली. डोरोथी. तिच्या बाकावर कोणी बसेना. बाईंनी आपली खुर्ची उचलून तिच्याशेजारी नेली आणि तिथूनच शिकवलं. पालक भांडायला आले, तरी खुर्ची हलली नाही. पुढे त्याच बाकावर जागेसाठी मुलं भांडू लागली, हे सांगताना बाई हसायच्या. टाइप करताना मला माझे आबा, म्हणजे आजोबा, आठवायचे. ते गावच्या शाळेत दाराबाहेर बसून शिकले. त्यांच्याजवळ कोणी खुर्ची आणली नव्हती.

"भाऊ, बाईचा आवाजच तसा येऊन राहिला," मी म्हणालो.

"आवाज नाही, तुह्यं इंग्रजी तसं हाये."

माझ्या इंग्रजीबद्दल कोणी काही बोललं की मला ते खरंच वाटतं. तरी मी जुनी फाइल लावली. तिच्यात डोरोथी अगदी साफ होती. नव्या फाइलमध्ये ‘डोलोफी’. थोडं पुढे नुसतंच ‘डोओही’. सॉफ्टवेअरनेही प्रत्येक ठिकाणी वेगळाच शब्द टाकला होता.

मला मोठी आई आठवली, म्हणजे माझी मोठी काकू. बार्शीटाकळीला ती एके सकाळी माझं नाव असंच बोबडं घेऊ लागली. आम्ही हसलो. दुपारपर्यंत तिला लकवा झाला होता.

"भाऊ, बाईले लकवा होऊन राहिला वाटते. तिच्या पोराले कळवा."

"डॉक्टर झाला का तू? क्लायंटले असं लिहायचं? उद्या त्यानं काम बंद केलं तं?"

"अन् बाई घरात एकटीच पडली असन तं?"

मी हेडफोन त्यांच्या कानाला लावले. आधी जुनी फाइल, मग नवी.

"पुन्हा लाव," ते म्हणाले. ऐकून झाल्यावर खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. "लिह. पन लकवा नको लिहू. जे आयकलं तेवढंच लिह."

मी लिहिलं, ‘तुमच्या आई डोरोथी हे नाव स्पष्ट म्हणायच्या. या फाइलमध्ये त्यांना ते म्हणता येत नाहीये. कृपया आत्ताच त्यांना फोन करा.’

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती फाइल कधी रेकॉर्ड झाली हेच आम्हाला माहीत नव्हतं. कदाचित मी आता नसलेल्या बाईचा आवाज ऐकत होतो. लेक्चरमध्ये फोन मांडीवर ठेवून बसायचो, आणि तो थरथरला की बघायची हिंमत होत नसे. ऑफिसात पाय ठेवला की संजूभाऊच आधी विचारायचे, "आलं का रे काही?"

त्या दिवसांत एवढंच शिकलो: शब्द कळला नाही, तर दरवेळी दोष आपल्याच इंग्रजीचा नसतो.

शेवटी मेल आला. मुलाने लिहिलं होतं की मेल वाचताच त्याने शेजाऱ्यांना आईकडे धाडलं. आई स्वयंपाकघरात जमिनीवर सापडली. जिवंत आहे, दवाखान्यात आहे, अजून बोलता येत नाही. पुढच्या फाइली इतक्यात येणार नाहीत. डोरोथी रोज येते, खुर्ची पलंगाला लावून बसते.