गाण्याला लागलेली उचकी

स्वतःच्या घरातही पाहुण्यासारखा राहणारा माणूस मी उभ्या बडोद्यात एकच पाहिला, आणि तो वाडीत आमच्या अगदी समोर राहत होता. आम्ही त्यांना काकाच म्हणायचो. रिफायनरीतून निवृत्त झालेले, अंगाने किडकिडीत, आणि भिडस्त इतके की सेव-उसळीच्या गाडीवर उभे राहिले की मागून येणाऱ्या प्रत्येकाला "ना ना, तमे पहेलां" म्हणत पुढे सोडायचे. शेवटी उसळ संपायची आणि काका कोरडा पाव घेऊन, "आज पावच खावासा वाटत होता" असं सांगत परतायचे.

अशा माणसाने लहरीपुऱ्याच्या बाजारातून सुटे भाग आणून कॉम्प्युटर जुळवला आणि त्यात विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स घातलं, तेव्हा गल्लीला वाटलं, काका बिघडले. "फुकट म्हणून नाही हो घेतलं," ते मला म्हणाले, "हे आत डोकावू देतं." मग बातमी पसरली की काका जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देतात. झालं! कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचे गरबे, कुणाच्या सासऱ्यांची सत्यनारायणाची कथा, सगळं त्यांच्या टेबलावर येऊन पडलं. नाही म्हणणं त्यांच्या जिभेला माहीतच नव्हतं. सकाळपासून ते यंत्र गल्लीच्या कॅसेटी दाबून-चेपून लहान करत घरघरत बसायचं, आणि त्यामुळे काकांना स्वतःला काही ऐकायचं झालं की आवाज तुटायचा. "प्रोसेसर म्हणजे एकटा वाढपी," ते समजावायचे. "पंगत मोठी. गाण्याला घास वेळेवर पोचला नाही की त्याला उचकी लागते." इतकं छान कळत असूनही पंगत कमी करायची मात्र त्यांची तयारी नसे.

त्यातच इंदूरहून अक्का आल्या. काकांची थोरली बहीण. काकांकडे त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या वेळची एक कॅसेट होती. तरुण अक्कांनी घरी एक भजन म्हटलं होतं आणि त्या चहा आणायला आत गेल्यावरही टेप चालू राहिला होता. त्यानंतर अण्णा आईशी काहीतरी बोलले होते. कॅसेट उतरवून झाली आणि लगेच तिची फीत तुटली, म्हणजे आता ते बोलणं फक्त त्या घरघरत्या डब्यात. जन्मभरात अण्णांनी अक्कांच्या गाण्याला बरं म्हटलं नव्हतं, आणि अक्कांच्या मनात ते अजून सलत होतं. काकांना ते बोलणं त्यांना ऐकवायचं होतं. दुसऱ्या दिवशी अक्कांची गाडी होती, आणि गुडघे असे की पुन्हा येणं अवघडच.

त्या दुपारी काकांनी मलाही बोलावलं होतं. भजन अडखळत संपलं. मग अण्णांचा आवाज आला, "पोरगी..." आणि उचकी. पुन्हा लावलं, पुन्हा उचकी.

"पोरगी काय? पुढे काय म्हणाले?" अक्का खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"तू ऐकच ना, मी सांगून काय उपयोग?"

"मग बंद कर ना ती लोकांची कामं, बाळ!"

"लोकांनी विश्वासाने दिलीयत गं."

काकांनी घाम पुसला. कुठल्या कामाला आधी वाढायचं हे लिनक्सला आकड्याने सांगता येतं; त्याच्या माहितीचं पान त्यांनी पोथीसारखं अथपासून पुन्हा वाचायला घेतलं, आणि एकदम कपाळावर हात मारून हसत सुटले. गाण्याचा मान राखावा म्हणून त्यांनी त्याला सगळ्यांत मोठा आकडा दिला होता, एकोणीस. लिनक्समध्ये नेमकं उलटं असतं. आकडा जितका मोठा, तितका तो कार्यक्रम "आधी तुम्ही घ्या" म्हणत मागे सरतो.

"अहो, मी अण्णांना माझ्यासारखं करून ठेवलं!" ते मला म्हणाले.

गाण्याला सगळ्यांच्या पुढे बसवायला मालकाचा पासवर्ड लागणार होता. तो काकांनी कधी वापरलाच नव्हता. स्वतःच्या यंत्रावर मालकी गाजवायचीसुद्धा त्यांना लाज! क्षणभर बोटं थांबली. मग म्हणाले, "आज गल्ली थांबेल थोडी," आणि पासवर्ड ठोकला.

"पोरगी सुरेल गाते हो," अण्णा सलग म्हणाले. "तोंडावर म्हणवत नाही, इतकंच."

अक्का पदर तोंडाला लावून बसल्या. मग म्हणाल्या, "बाळ, परत लाव." ती दुपार आम्ही तेवढंच ऐकत होतो. चहा झाला, तोही काकांनी सगळ्यांच्या नंतर घेतला.

अक्का पुन्हा बडोद्याला आल्या नाहीत. पुढच्याच वर्षी गेल्या. काकांकडे आता नवा, वेगवान कॉम्प्युटर आहे, त्यावर काहीच तुटत नाही. तरी अण्णांचं ते वाक्य लावायच्या आधी ते गल्लीची सगळी कामं थांबवतात, आणि शेजारची अक्कांची खुर्ची जरा पुढे ओढून ठेवतात.