वन्संनी बाजू घेतली

आज सकाळची प्रार्थना आटोपली आणि आधी वही उघडली, वन्संविषयी लिहायला. माणूस रोज घरात वावरत असलं की त्याच्याविषयी लिहायचं सुचतच नाही. पण कालचा दिवस तसाच सोडवेना.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. स्वतः लग्न केलं नाही, पण कारण विचारायला आलेल्यांच्या मुलींची लग्नं मात्र जमवून दिली. पुढच्या खोलीत त्यांचं शिलाईचं मशीन, आणि खिडकी थेट गल्लीत उघडते. जुन्या शहरातली आमची गल्ली एवढी अरुंद, की समोरच्या खिडकीत साखरेची वाटी द्यायला उंबरा ओलांडावा लागत नाही. कुणाचं भांडण झालं की दोन्हीकडच्या बायका वन्संकडे येतात. एकीला त्या म्हणतात, तुझंच बरोबर आहे गं. दुसरीला म्हणतात, तुझं तरी काय चुकलं? दोघी खूश होऊन जातात, आणि जाताना शिवायला कापड टाकून जातात. गल्लीनं त्यांचं नावच ‘तडजोडबाई’ ठेवलंय.

अशा बाईंनी चाळिशी उलटल्यावर विद्यापीठात नाव घातलं, तेही राज्यशास्त्राला. घरात राजकारण कमी पडलं काय, असं हे बोलले खरे, पण पहिल्या दिवशी टेम्पोतून सोडून आले ते हेच. ह्यांचा मालवाहतुकीचा छोटा टेम्पो आहे, गल्लीत जेमतेम शिरणारा, आणि आमची चूल त्यावर पेटते.

वन्संचा अभ्यास मशीनवरच चालायचा. कापडाच्या गठ्ठ्याला पुस्तक टेकवून वाचायच्या. राजा हवाच म्हणणारा विद्वान वाचला, की स्वयंपाकघरात येऊन सांगायच्या, वहिनी, याचं पटतं हो. पुढच्या आठवड्यात राजा नकोच म्हणणारा आला, की याचंही खरंच आहे बिचाऱ्याचं. मी एकदा म्हटलं, देवासमोर उभ्या राहिलात तर त्यालाही सांगाल, तुझंही बरोबर आणि तुला न मानणाऱ्याचंही. तर म्हणाल्या, न मानणाऱ्याला कुणी तरी दोन गोड शब्द बोलायला हवेतच की.

गाडं अडलं ते शेवटच्या वर्षी. एका प्रश्नावर निबंध लिहून तो सगळ्यांसमोर मांडायचा होता, आणि वन्संच्या वाट्याला प्रश्न आला तो आमच्याच अंगणातला: जुन्या शहराच्या गल्ल्यांत वाहनांना बंदी असावी का? त्यांनी दोन्ही बाजू इतक्या मायेनं लिहिल्या, की वाचून मला वाटलं, बंदीही व्हावी आणि गाड्याही याव्यात. त्यांच्या प्राध्यापकबाईंनी निबंध परत दिला. सगळ्यांना बसायला जागा दिलीत, पण तुम्ही स्वतः कुठं बसलात, असं विचारलं. वन्संनी मग मधला मार्ग काढला. एक दिवस बंदी, एक दिवस मोकळीक. तोही परत आला. ही वाटणी झाली, मत नाही. आणि मत नसेल तर पास करता येणार नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं.

त्यानंतर वन्संची जेवणावरची वासना उडाली. एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली होती. भाजी निवडताना मी विचारलं, तुम्हाला मतच नाही का हो? त्यांनी हातातला देठ खुडून टाकला.

"मत आहे वहिनी. पण ते दादाच्या पोटावर येतं."

मग सांगू लागल्या. गल्लीत गाडी शिरली की मशीनखालची फरशी थरथरते आणि टीप वाकडी जाते. म्हणून त्या सुई वर उचलून थांबतात. भिंतीला तडे गेलेत ते कपाटामागं, म्हणून आम्हाला दिसले नाहीत. ह्यांचा टेम्पो तर त्या आवाजावरून ओळखतात. तो वळला की सुई आधीच वर. इतकी वर्षं मी त्याच घरात, आणि मला पत्ता नाही.

मी म्हटलं, जे लिहायचं ते लिहा, पण आधी ह्यांच्या कानावर घाला. जेवताना त्यांनी भावाला सगळं सांगितलं. ह्यांचा घास हातातच राहिला.

"तुझ्या राज्यशास्त्रात भाऊ कितव्या धड्यात येतो गं?"

"माझ्या निबंधात पहिल्याच पानावर आहे," वन्सं म्हणाल्या.

हे तसेच हात धुवायला उठले. पण काल सकाळी टेम्पो पुसून दारात उभा केला आणि आम्हा दोघींना बसवलं.

विद्यापीठातली ती खोली उंच छताची, बाकं जुनी, पंखा कुरकुरणारा. आम्ही मागं बसलो. मी मनात नाम घेत होते. वन्संनी उभं राहून निबंध वाचून दाखवला. शेवटी प्राध्यापकबाईंनी विचारलं, मग तुमच्या भावानं माल कसा आणायचा?

"वेशीपर्यंत टेम्पो, पुढं हातगाडी. त्याचे कष्ट वाढतील, ते मी लपवत नाही. तरी गाड्या बंद व्हाव्यात. त्याचीसुद्धा."

हे खाली मान घालून बसले होते. बाईंनी मात्र पहिल्यांदाच काही परत दिलं नाही. पास झालात, म्हणाल्या.

येताना ह्यांनी वेशीच्या अलीकडेच टेम्पो थांबवला आणि इंजिन बंद केलं.

"उतर. इथून पुढं तुझा कायदा."

तिघं चालत निघालो. पुस्तकांची पिशवी ह्यांनीच खांद्यावर घेतली होती. दारादारातून बायका विचारत होत्या, काय झालं हो निकालाचं, आणि उत्तर देत होते हेच, जणू परीक्षा ह्यांनीच दिली. मध्येच वळून म्हणाले, आज कौतुक म्हणून चाललोय, उद्या टेम्पो दारापर्यंत आणणार.

"आण की. बंदी कुठं झालीय अजून? पण मी विरोधात आहे."

असं सरळ वाक्य, पुढं कुणाचीही समजूत न घालता, वन्संच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. ह्यांनीही ऐकलं. पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि म्हणाले, बरं, चला आता, भूक लागलीय.