टेकडी परत लावताना

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीतल्या कॅरिगम गावात हेप्झिबा ट्रेगिअर टपाल कचेरी सांभाळत असे. कुणाचं पत्र तिने कधी फोडलं नाही, पण पाकीट हातात घेऊन आत काय असेल ते ती बहुधा बरोबर सांगे. उंच, हाडकुळी बाई. चालायची ती घोडागाडी सुटत असल्यासारखी. नवरा जोसाया लोहार होता. दिवसभर घणाशी बोलून झाल्यावर माणसांशी बोलायला त्याच्याकडे फारसं उरत नसे. मूलबाळ नव्हतं. हेप्झिबाचा जीव होता तो गावामागच्या टेकडीवर.

सप्टेंबरात तिथला वसंत लागला की ती टेकडी वेडी व्हायची. कोळ्यासारखे लांब पाय पसरलेली ऑर्किडं, मेणाच्या वाटाव्यात अशा लिली, पिवळ्याधमक फुलांनी लगडलेली वॉटलची झाडं. ज्या फुलांची नावं पुस्तकात सापडली नाहीत त्यांचं बारसं हेप्झिबानेच केलं होतं. एकाचं नाव तिने ‘रुसलेली मावशी’ ठेवलं होतं.

ही टेकडी मेंढ्यांना चरायला द्यावी असं सरकारच्या मनात होतं. हेप्झिबाने तीन वर्षं पत्रांवर पत्रं लिहिली. शेवटी उत्तर आलं: जमीन खात्याचे ऑल्डरसनसाहेब सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी दुपारच्या गाडीने येतील. राखण्याजोगं काही दिसलं तर टेकडी राखीव, नाहीतर मेंढ्यांची.

हेप्झिबा आनंदाने कचेरीतल्या कचेरीत गिरकी घेऊन मोकळी झाली. गावाचं फुलांवर किती प्रेम आहे ते साहेबांना दिसायला हवं, म्हणून तिने त्याच शनिवारी सभागृहात रानफुलांचं प्रदर्शन ठरवलं. सूचना स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिली: सर्वांत जास्त जाती आणणाऱ्यास अख्खं हॅम बक्षीस. मोठ्यात मोठ्या गुच्छास फ्रूट केक.

शनिवारी सकाळी दहाला तिने सभागृहाचं दार उघडलं आणि तिचा श्वासच अडकला. टेबलांवर फुलं, खिडक्यांत फुलं, पियानोवर फुलं. खाटीक हॉकिंगने तर कपडे धुण्याचं घंगाळ भरून आणलं होतं.

“मिसेस ट्रेगिअर, हॅम कुठे ठेवलंय तेवढं सांगा,” तो म्हणाला, “म्हणजे मी बैलगाडी तिकडे वळवतो.”

“तुमच्या घंगाळात निम्मं गवत आहे, हॉकिंग,” शेजारची मिसेस क्लुगे फणकारली. “माझ्या चौतीस जाती आहेत. मोजून घ्या.”

“अगबाई, किती ही फुलं!” हेप्झिबाने टाळ्या पिटल्या. “आणि एवढी आणलीत तरी कुठून?”

“कुठून म्हणजे? तुमच्या टेकडीवरूनच की!”

हेप्झिबाने वळून खिडकीबाहेर पाहिलं. टेकडी लोकर कातरलेल्या मेंढीसारखी उभी होती. एक ठिपका पिवळा नाही की पांढरा नाही. साहेबांच्या गाडीला दोन तास होते.

ती बाकावर मटकन बसली. तेवढ्यात दाराशी उभा असलेला जोसाया, ज्याने त्या आठवड्यात मोजून सहा वाक्यं उच्चारली होती, म्हणाला, “परत लावू.”

मग जे झालं ते कॅरिगमने आधी कधी केलं नव्हतं. अख्खं गाव मुरंब्याचे डबे, चहाची किटली, कपबश्या, जे हाताला लागेल त्यात फुलं घेऊन टेकडीवर पळालं. साहेबांच्या स्वागताला आलेले बँडवाले ढोलात लिली घालून धावले. हॉकिंगने वॉटलच्या फांद्या निलगिरीला दोरीने बांधल्या.

“अहो, ते दलदलीतलं फूल आहे, खडकावर काय लावताय?” हेप्झिबा ओरडत होती. “आणि मिसेस क्लुगे, हे तुमच्या बागेतलं जिरेनियम!”

“असू द्या हो. तेवढाच रंग!”

साहेब आले. बुटके, गंभीर, चष्मेवाले. टेकडीकडे पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. “सुंदर,” ते म्हणाले आणि एका ऑर्किडपाशी वाकले. देठाला हलकेच हात लावला, तर ऑर्किडाबरोबर अंजिराच्या मुरंब्याचा डबाही वर आला. साहेबांनी डब्यावरची चिठ्ठी शांतपणे वाचली.

हेप्झिबाला रडायचं होतं, आलं हसू. पोट धरून, डोळे पुसत ती हसली आणि हसता हसताच तिने सगळं सांगून टाकलं, हॅमसुद्धा.

“मग बाई, राखायचं काय?” साहेबांनी विचारलं. “आणि मेंढ्यांपासून राखून उपयोग काय?”

“मेंढ्यांचं सोडा साहेब, आमच्यापासून राखा!” ती म्हणाली. “आमच्या आधीचे इथले लोक याच टेकडीवरचे कंद खणून पिढ्यान्‌पिढ्या जेवले, तरी ती फुलत राहिली. आम्ही नुसतं प्रेम केलं आणि एका सकाळी बोडकी केली. आम्हाला कुंपणाबाहेर ठेवा. मला सगळ्यांत आधी.”

साहेबांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “कंद जमिनीत शिल्लक असले तर फुलं येतील. एक वर्ष कुणी आत पाऊल टाकायचं नाही. पुढच्या सप्टेंबरात मी येईन. फुलली तर राखीव.”

जोसायाने कुंपण घातलं, फाटक घडवलं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवली. “बायकोवर विश्वास नाही?” हॉकिंगने चिडवलं. “अजिबात नाही,” जोसाया म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. वर्षभर हेप्झिबा रोज संध्याकाळी हात पाठीमागे बांधून तारेशी उभी राहायची. ऑगस्टच्या शेवटी काही हिरवं दिसेना, तेव्हा तिची जेवणावरची वासना उडाली.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी गाव तारेला चिकटून उभं होतं. साहेब आले, त्यांनी पाहिलं आणि खिशातून कागद काढून फाटकाच्याच खांबावर ठेवून सही केली. जोसायाने किल्ली बायकोच्या हातात दिली.

हेप्झिबा आत गेली. चार पावलं, पाच, सहा. आणि थांबली. पुढे ऑर्किडं, मागे ऑर्किडं, दोन्ही बाजूंना लिली. दुसरा पाय टेकायला जागाच उरली नव्हती. टपाल कचेरीची ती उंच बाई बगळ्यासारखी एका पायावर डुलत उभी राहिली आणि आनंदाने किंचाळली,

“जोसाया! अहो जोसाया! आता मी परत कशी येऊ?”