सात खाचांची काठी

जयरामला मी ओळखत होतो असं म्हटलं तर ते खोटं होईल. त्याचं आडनाव मला माहीत नाही. पुंजाच्या मोबाइलमध्ये त्याचं नाव 'जयराम जीप' असं आहे, आणि बहुतेक आम्हा दोघांना त्याच्याबद्दल तेवढंच ठाऊक होतं. तो पेठच्या पलीकडे एका पाड्यावर राहायचा. तो पाडा मी पाहिलेला नाही. आमच्याकडे तो एकूण पाच वेळा आला. बोलायचा कमी, आणि मी तर त्याहून कमी.

मार्चमध्ये त्याच्या पाड्यावरचा काळू आपली गाडी घेऊन पेठ रोडला पुंजाच्या दुकानात आला होता. जाता जाता त्याने सांगितलं, की जयराम टोळीबरोबर द्राक्षं तोडायला दिंडोरीकडे गेला होता, आणि एका सकाळी उठलाच नाही. पुंजाने हातातला घण खाली ठेवला. मग म्हणाला, "काका, तुम्ही लिहून ठेवा त्याचं. तुम्हाला लिहिता येतं." मला काय लिहिता येतं? नोटांच्या प्रेसच्या वर्कशॉपात तेहतीस वर्षं टर्नर होतो, जॉब कार्ड भरायचो. पण पुंजाने पुन्हा दोनदा विचारलं, म्हणून हे लिहितो आहे. चुकलं असेल तर माझं.

पुंजाचं कमान पाट्याचं दुकान आहे. गाड्यांचे पाटे तापवायचे, ठोकून त्यांना पुन्हा कमान द्यायची, हे त्याचं काम. शेजारच्या शेडमध्ये माझ्या जावयाची लेथ आहे. निवृत्तीनंतर मी रोज नाशिक रोडहून बसने तिथे जातो आणि पिना, बुश असलं किरकोळ काम करतो.

मागच्या वर्षी मे महिन्यात जयराम पहिल्यांदा आला. जुनी काळी-पिवळी जीप, टपावर रिकाम्या टोपल्या. तो पन्नाशीचा, बारीक. हातात बांबूची एक काठी होती. ती पुंजापुढे धरून म्हणाला, "गाडी वर उचलायची हाय."

"किती?"

"या काठीएवढी."

पुंजा हसला. "काठीएवढी? मग शिडी लावून स्टिअरिंग धरशील का?"

जयराम हसला नाही. काठीवर सात खाचा होत्या. त्याच्या पाड्याकडे जाताना नाल्यावर फरशी, म्हणजे बुटका पूल, आहे, पावसाळ्यात ती पाण्याखाली जाते. त्याच्या बायकोला, चांगुणाला, दर सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिससाठी नाशिकला आणावं लागायचं. गेल्या पावसाळ्यात सात वेळा त्याला फरशीवरून मागे फिरावं लागलं होतं. दर वेळी त्याने पाण्यात काठी उभी करून ओल जिथपर्यंत आली तिथे कोयत्याने खाच मारली होती. तिसऱ्यांदा मागे फिरला तेव्हा, तो म्हणाला, तिचे पाय इतके सुजले की पैंजण कापून काढावे लागले.

"यंदा एक पण खाडा व्हायला नको," तो म्हणाला. "एवढंच करायचं."

पुंजाने जीपखाली सरपटत जाऊन बघितलं, काठी टायरला लावून धरली, गाडी कुठवर उठेल तिथे काठीवर खडूने रेघ ओढली. प्रत्येक पाट्यात पोलादी पट्टीचं एक पान वाढवायचं, कमान चढवायची, पाटा ज्यावर टांगतात ते शॅकल लांब लावायचे, म्हणजे चार इंच. टायर मोठे घातले तर आणखी दोन. सहा इंचांत सातपैकी पाच खाचा रेघेखाली आल्या. वरच्या दोन राहिल्या.

"या दोन नाही होत," पुंजा म्हणाला. "त्याच्या वर नेली तर वळणावर आडवी होईल. आणि ऐक, उंच केली म्हणजे गाडी तरंगत नाही. पाचव्या खाचेच्या वर पाणी असलं तर घालायची नाही. बायकोची शपथ घे."

जयरामने लगेच घेतली.

पुंजानेच मग विचारलं, "त्यापेक्षा चार महिने नाशकात खोली का घेत नाहीस?"

"विचारलं तीन-चार जागी. आजारी माणूस हाय म्हटलं की खोली भरली म्हणतात."

हे बोलणं झालं तेव्हा मी लेथवर होतो. आमच्या घरी खालची खोली रिकामी होती. भाडेकरू होळीला सोडून गेला होता. संडास शेजारीच, एकही पायरी नाही. ते लगेच माझ्या मनात आलं. पण म्हटलं, आपण कोण? त्याने मागितलेलं नाही. आपण म्हणायचं आणि त्याला वाटायचं उपकार करतोय. घरी हिला विचारलं नाही, आधीच कसं बोलायचं? जॉब फिरत होता, त्यावर मी नजर ठेवली. उद्या बोलू असं ठरवलं. दुसऱ्या दिवशीही बोललो नाही.

आरटीओच्या पासिंगचं मात्र मी बोललो. गाडीची उंची अशी वाढवली की पासिंग होत नाही, कंपनीने दिलेली तशीच लागते. तो म्हणाला, "पासिंग दिवाळीनंतर हाय, बाबा. तवा परत खाली घेऊ." म्हणून आम्ही जुने शॅकल आणि पाटे आवळून धरणारे जुने यू-बोल्ट गोणपाटात बांधले, खडूने 'जयराम' लिहिलं आणि माझ्या रॅकखाली ठेवले.

टायर गंगापूर रोडच्या सनीकडून मिळाले. तो आणि त्याचे मित्र रविवारी उंच जीप घेऊन खड्ड्यांत घालतात आणि बाहेर काढतात. टायरची नक्षी थोडी झिजली की त्यांना नवे लागतात. सनीने जयरामला विचारलं, "काका, तुम्ही पण ऑफरोडिंग करता?" जयराम म्हणाला, "आमच्याकडे रोड नायच." सनीला ते फार आवडलं, मोठ्याने हसला. टायर त्याने तसेच देऊन टाकले.

काम सहा दिवस चाललं. पुंजाने पानं तापवून कमान चढवली, मी आठ पिना आणि गनमेटलचे बुश करून दिले. एक पिन मला बरोबर वाटेना, ती पुन्हा केली. मोठे टायर घासत होते म्हणून मडगार्ड कापले. ब्रेकचे पाइप लांब घातले. जीप जॅकवरून खाली आली तेव्हा काठी लावून पाहिली; तळ बरोबर रेघेवर, पाचव्या खाचेच्या लगेच वर होता. पुंजा खूश झाला. मीही झालो.

गुरुवारी डायलिसिस आटोपल्यावर जयराम चांगुणाला घेऊन आला, नवी गाडी दाखवायला. रिक्षातून उतरून ती जीपपाशी उभी राहिली. दाराची कड तिच्या पोटापर्यंत येत होती. तिने एकदा पाय उचलून पाहिला, परत ठेवला. तिच्या डाव्या हाताची शीर मशीनसाठी जोडलेली होती. त्या हाताला धरून ओढायचं नाही, त्यावर भार द्यायचा नाही. आम्ही तिघांनी पाणी मोजलं होतं, टायर मोजले होते, पिनेपासून पाट्यापर्यंत सगळं मोजलं होतं. ती चढणार कशी, हे एकालाही सुचलं नव्हतं.

चांगुणा पुंजाला म्हणाली, "भाऊ, गाडी पाण्याच्या वर नेली. आता मला कोण वर नेतो?"

तीच हसली. जयरामने गुडघा टेकला, ती त्याच्या मांडीवर पाय देऊन चढली. मग मी म्हटलं, पायरी करून देतो. खाली लोंबणारी पायरी दगडाला अडकली असती, म्हणून बिजागरीवर दुमडणारी करायची ठरली. ती करायला मी आठ दिवस लावले. दोन दिवसांचं काम. बिजागरीची पिन सैल वाटायची, नाहीतर घट्ट.

पुढच्या आठवड्यात तो यू-बोल्ट आवळायला आला. नवे यू-बोल्ट बसवले की पाटे दबतात आणि बोल्ट सैल होतात, आठवड्याने ते परत आवळावेच लागतात. पुंजा प्रत्येकाला सांगतो, निम्मे लोक येत नाहीत. जयराम बरोबर आठव्या दिवशी सकाळी हजर. पायरी तेव्हाच बसवली. तो दोनदा त्यावर उभा राहिला, खाली उतरला आणि म्हणाला, "चांगली हाय." तो गेला, आणि रविवारी पाऊस आला.

जून-जुलैत तो आला नाही, म्हणजे सगळं ठीक चाललं असणार असं आम्ही धरून चाललो. काळू कधीतरी सांगायचा, जयराम फरशीवरून जातो, लोक बघायला उभे राहतात. पॅसेंजर मात्र कमी झाले, म्हाताऱ्या बायका एवढ्या वर चढत नाहीत. मला बरं वाटायचं. खालच्या खोलीचं मनातून गेलं होतं. श्रावणात ती आम्ही रेल्वेतल्या एका माणसाला दिली.

जयराम आला तो दिवाळीनंतर. एकटा. जीप पुंजाच्या दारात लावली आणि म्हणाला, "खाली घ्यायची."

पुंजाने विचारलं, "वहिनी कशी आहे?"

"भादव्यात गेली."

मग पुंजाने विचारलं, पाणी चढलं होतं का. जयराम म्हणाला, "सहाव्या खाचेवर थांबलं. नऊ दिवस."

"मग?"

"दहाव्या दिवशी उतरलं."

"मग?"

"मग काय. उतरलं."

पुंजा आत जाऊन पाणी पिऊन आला. शपथ त्यानेच घातली होती. नऊ दिवस रोज तो माणूस फरशीवर काठी धरून उभा राहिला असेल, आणि खाच बघून परत फिरला असेल. ती काठी जीपमध्ये नव्हती. विचारायचं धाडस मला झालं नाही. खालच्या खोलीचंही मी त्याला सांगितलं नाही. आता सांगून त्याला काय मिळणार होतं? की मलाच हलकं वाटायला हवं होतं, कोण जाणे.

गोणपाट सोडलं. जुने शॅकल, जुने बोल्ट, खडूचं नाव अजून होतं. पुंजाने वाढवलेली पानं काढली. उतरवायला एक दिवस पुरला. जयराम पूर्ण वेळ शेजारी बसून होता, पाना लागला की पाना द्यायचा. संध्याकाळी जीप जमिनीवर आली तेव्हा ती पूर्वीसारखी दिसायला हवी होती, पण कापलेल्या मडगार्डमुळे चाकांभोवती रिकामी जागा दिसत होती.

मी पायरी सोडवून हातात घेतली. म्हटलं, "ही नेतोस?"

त्याने ती घेतली, बिजागरी एकदा उघडून मिटली आणि माझ्या बाकावर ठेवली. नंतर गाडीत बसून त्याने ती सुरू केली. मी खिडकीपाशी गेलो. काहीतरी बोलायला हवं होतं आणि मला दुसरं काहीच सुचलं नाही.

"आठ दिवसांनी ये," मी म्हटलं. "बोल्ट परत आवळावे लागतील."

"येतो, बाबा."

"विसरू नको."

"नाय विसरत."