आक्कांचे डोळ्यांचे डॉक्टर

दवाखान्यात शेवटच्या दिवशी सकाळी पद्माक्कांनी खूण करून मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी निरवानिरवीचं बोलतील. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला, तर म्हणाल्या, "ती बाटली माझ्याच नावची हाय का बघ गं. कालची नर्स न्हाय ही." सलाइनच्या बाटलीवरचं नाव मी वाचून दाखवलं, तारीख वाचली, तेव्हा कुठं त्यांनी डोळे मिटले. दुपारी त्या गेल्या. आता पाच आठवडे होतील. भेटायला येणाऱ्यांना हे सांगितलं की डोळे पुसता पुसता सगळे हसतात, कारण निपाणीत त्यांना ओळखणाऱ्या प्रत्येकाकडं असा एखादा तरी किस्सा आहे.

पद्माक्का माझी नणंद. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या आणि बाहेरच्या खोलीत बसून गावाचे ब्लाउज शिवत होत्या. त्यांचं लग्न चिकोडीकडं झालं होतं. नवऱ्याला आधीची एक बायको आहे, हे त्यांना लग्नानंतर पंधरा दिवसांनी कळलं. गावाला ते माहीत होतं, लग्न जमवणाऱ्याला माहीत होतं, आणि नंतर असंही बाहेर आलं की आमच्या सासऱ्यांच्या कानावरही कुणीतरी घातलं होतं... आक्का परत आल्या त्या कायमच्या. तेव्हापासून त्यांनी कुणाचा शब्द म्हणून शब्द खरा मानला नाही. औषधाच्या दुकानातून आणलेली गोळी त्या दुसऱ्या दुकानात दाखवून मगच घ्यायच्या. मी माहेरी निघाले की, "खरंच आई आजारी हाय व्हय?" असं विचारायच्या आणि मी पोचायच्या आत माझ्या आईला फोन लावायच्या. सुरुवातीला मी फार रडले. मग सवय झाली.

तीन वर्षांपूर्वी बेळगावात हातमागाच्या कापडाचा मेळा भरला होता. माझ्या भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायच्या होत्या आणि कापडातलं आक्कांना कळायचं, म्हणून त्यांना घेऊन सकाळच्या बसनं गेले. मंडपात शिरल्यापासून त्यांचा चेहरा संशयी झालेला. काठ उलटा करून बघायचा, नखानं घासायचा, विकणाऱ्याकडं बघायचं आणि पुढं जायचं. असे पाच-सहा गाळे झाल्यावर बेळगावातल्याच वडगावच्या एका विणकराच्या गाळ्यावर त्या थांबल्या. हिरव्या काठाच्या सुती साड्या होत्या. माणूस गोड बोलत होता. सगळं घरी विणलेलं, बायको विणते, मी विणतो, असं सांगत होता. आक्कांनी एक साडी उलगडली, दुसरी उलगडली, तिसरी मागितली. तिन्ही काठ शेजारी शेजारी ठेवून त्यांनी एका फुलावर बोट ठेवलं. फुलाची एक पाकळी तुटलेली होती. तिन्ही साड्यांत, त्याच ठिकाणी.

"हात एकदा चुकतोय," आक्का म्हणाल्या. "तिथंच तिसऱ्यांदा कसा चुकंल, सांगा की. मशीनच्या हायत ह्या."

आजूबाजूच्या बायका थांबल्या. तो माणूस लाल झाला. "घरी चला आक्का, माग दाखवतो," म्हणाला. त्याला वाटलं असणार, कोण येतंय! आक्कांनी पिशवी उचलली. "चला. आत्ता. आणि खोटं निघालं तर मेळ्याच्या हापिसात जाऊन सांगणार, गाळा काढून घ्यायला लावणार." मी त्यांचा पदर ओढला, पण त्या रिक्षात बसल्याही.

वडगावातल्या एका अरुंद बोळात त्याचं घर. आत खरोखरच माग होता, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून त्याची बायको विणत बसली होती. रेणुका तिचं नाव. "बर्री, बर्री आक्का," असं कानडीत या-या म्हणत ती उठायला लागली. आक्कांनी तिला बसवलं आणि स्वतः शेजारी उकिडव्या बसल्या. बराच वेळ नुसत्या तिच्या हाताकडं बघत राहिल्या. मग मेळ्यातली साडी तिच्यापुढं धरली. "ही तू विणलीस?"

नवरा पाठीमागून म्हणाला, "होय म्हणून सांग की."

रेणुकानं त्याच्याकडं बघितलं, साडीकडं बघितलं. "न्हाई," म्हणाली.

नवरा चप्पल घालून बाहेर निघून गेला. रेणुका खाली मान घालून बोलत राहिली. एका साडीला आठ-दहा दिवस लागतात, दोन साड्या मांडून गाळ्यात कोण बसणार, रिकाम्या गाळ्याकडं गिऱ्हाईक फिरकत नाही, म्हणून बाजारातल्या आणून मांडल्या... "आता गाळा जाणार काय आक्का?" आक्कांनी साडीची घडी घातली. मी त्यांना कितीतरी वेळा कुणाकुणाची चोरी पकडताना बघितलं होतं. पकडल्यावर त्यांचा चेहरा उजळायचा. त्या दिवशी उजळला नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "एक साडी वीण. माझ्यासाठी. तुझ्या हातची." मेळ्याच्या ऑफिसात आम्ही गेलोच नाही. परतीच्या बसमध्ये संकेश्वर आल्यावर एकदम म्हणाल्या, "ही बी बाजारातनंच आणून देईल बघ."

त्यानंतर आक्कांचे डोळे दुखायला लागले. महिन्यातून एकदा त्या एकट्याच बेळगावला डॉक्टरकडं जायला लागल्या. मी येते म्हटलं तर नको. डॉक्टर काय म्हणाले विचारलं तर, "बघतायत." घरात ना थेंबांची बाटली, ना चिठ्ठी, ना नवा चष्मा. आता संशयाची पाळी माझी होती. त्यांचा नवरा म्हातारपणी बेळगावात असतो, अंथरुणाला खिळलाय, असं कुणीतरी बोललं होतं. माझ्या मनानं तेच धरलं. आक्का त्याला भेटायला जातात! मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलं, तर ते म्हणाले, "असंल तर असू दे. विचारू नको." विचारलं नाही, पण त्या परत आल्या की मी त्यांच्या तोंडाकडं निरखून बघायची. साडी आली का, हे विचारायचंही मला सुचलं नाही.

परवा आक्कांचा फोन वाजला. रेणुका होती. "आक्का दोन महिने आल्या न्हाईत, बरं न्हाई काय त्यांना?" मी सांगितलं. मग ती म्हणाली, "एकदा येऊन जावा ताई. माग अडकून राहिलाय."

खरं सांगते, पहिला विचार आला तो हाच, की न विकलेली साडी गळ्यात मारायला बोलावते आहे. तरी गेले. रेणुकानं सांगितलं ते असं, की आक्का दर महिन्याला यायच्या. साडी तीच विणते की नाही ते बघायला. ती साडी पुरी झाली, तरी दुसरीच्या वेळी आल्या, तिसरीच्याही. सकाळी येऊन मागाशेजारी बसायच्या, भाकरी तिथंच खायच्या, दुपारच्या बसनं परत. मग एक दिवस म्हणाल्या, सरक, मी बसते. शेवटच्या खेपेला त्यांनी वीतभर विणलं होतं. ते अजून मागावर होतं, कुठं घट्ट, कुठं सैल, काठ आत ओढला गेलेला. "उसवायला हात होईना," रेणुका म्हणाली. "आणि असंच पुढं विणलं तर कोण घेणार?"

मी त्या वीतभर कापडावरनं हात फिरवला. घरी सांगितलं का नसेल, हे मला कळत होतं. आम्ही सगळे हसलो असतो. मीच सगळ्यांत आधी.

"उसवू नको," मी म्हटलं. "पुढं वीण. मी घेणार."

"नक्की?"

"नक्की. माझा नंबर लिहून घे."

मी नंबर सांगितला, तिनं तो फोनमध्ये घातला आणि माझ्याकडं बघत तिथल्या तिथं लावून बघितला. माझ्या पर्समध्ये फोन वाजला, तेव्हा कुठं ती मागावर जाऊन बसली.