घाटातलं बोलकं केंद्र

आमच्याकडच्या घाटाला घाट म्हणणं म्हणजे त्या रस्त्याचा जरा जास्तच मान ठेवणं. चार वळणं, सागाची झाडं आणि खाली हिरवं खोरं, एवढंच. पण ते एवढंच फार देखणं होतं. ते कुणाला तरी बघवलं नसावं. तिथे पर्यटकांसाठी काचेचं माहिती केंद्र उभं राहिलं आणि खोरं नेमकं त्याच्या मागे गेलं. आता खोरं बघायचं तर आत जाऊन पडद्यावर बघायचं.

मी अशा ठिकाणी फुकटातही गेलो नसतो. आईसाठी गेलो. केंद्र बांधत असताना काही लोक कुरुंद्याला आमच्या शेतात आले होते. हळद कशी शिजवतात ते त्यांनी वडिलांकडून रेकॉर्ड करून नेलं. पुढे काही महिन्यांत वडील गेले. घरात त्यांचे फोटो आहेत, आवाज नाही. फोनवर ते "हां, ठेव" यापलीकडे कधी गेलेच नाहीत. तेव्हापासून आईचं एकच चाललं होतं, "त्या घाटात त्यांचा आवाज हाय म्हणं. कवा नेतो मला?"

आत शिरताच प्लास्टिकचा बिबट्या गुरगुरला. पुढे एक खोड होतं. 'स्पर्श करा, जंगल अनुभवा' अशी त्यावर पाटी. खोड फायबरचं. दाराबाहेर खरा साग उभा होता, त्याला कुणी हात लावत नव्हतं. हळदीच्या दालनात थर्मोकोलची हळकुंडं मांडली होती, इतकी गुबगुबीत की रताळी वाटावीत. आईने एक उचलून पाहिलं आणि गुपचूप जागेवर ठेवलं.

"शेतकऱ्यांचे बोल इथे ऐका," असं म्हणत जाकीट घातलेली एक बाई आम्हाला पडद्यापाशी घेऊन गेली. मी पडद्यावर बोट ठेवलं. काही झालं नाही.

"टच सध्या बंद आहे सर. शेतकऱ्याचं नाव बोला, की सुरू होतं."

मी वडिलांचं नाव बोललो. बिबट्याची माहिती सुरू झाली. पुन्हा बोललो, तर बांबू. तिसऱ्यांदा मी इतका ओरडलो की लोक वळून बघायला लागले, आणि यंत्र अदबीने म्हणालं, "स्वच्छतागृह तळमजल्यावर आहे." माझं डोकंच फिरलं. ज्या माणसाने यांना तास-दोन तास उन्हात उभं राहून सगळं समजावून सांगितलं, त्याची ही किंमत.

"तुम्ही चिडून बोलताय सर," बाई म्हणाली. "आजींना बोलू द्या. शांत आवाज बराबर पकडतं ते."

मी आईकडे पाहिलं. आईने आयुष्यात कधी वडिलांचं नाव घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, मी तरी ऐकलेलं नाही. दवाखान्यात, बँकेत, कुणी मालकाचं नाव विचारलं की ती मला कोपराने ढोसायची आणि मी सांगायचो.

ती पडद्यासमोर गेली आणि म्हणाली, "आमच्या घरचे."

"क्षमा करा, समजले नाही," यंत्र म्हणालं.

"पोराचे वडील. कुरुंद्याचे."

"क्षमा करा, समजले नाही."

"चल आई," मी म्हणालो. "भंगार आहे हे सगळं."

"थांब," ती म्हणाली. "तू काहून घाई करून राहिला? तिकडं तोंड कर."

मी पाठ फिरवली. त्या बाईलाही काय वाटलं कुणास ठाऊक, तीही वळली. मागून आईचा आवाज आला, अगदी हळू. तिने वडिलांचं नाव घेतलं, आडनावासकट, शाळेत हजेरी घेतात तसं स्पष्ट.

खरखर झाली. रेकॉर्डिंगची सुरुवात कापायचे कष्टही त्या लोकांनी घेतले नव्हते. वडील आधी खाकरले. मग त्यांनी समोरच्या माणसाला विचारलेलं तसंच्या तसं ऐकू आलं, "व्हय. बोलू का?"

मी वळलो. आईने पदर डोक्यावर ओढून घेतला होता.

"बोला," ती म्हणाली.