रेकॉर्डवरचा ‘च्’

मंगळवार, १४ मार्च. दूध उशिरा आले. पडदे धुतले. भाऊजी आठ वाजता स्टुडिओत गेले, डबा विसरले. पियानो, बास, ड्रम अशा तिघांच्या जाझ अल्बमच्या रेकॉर्डिंगचा आज शेवटचा दिवस.

वहिनींनी सकाळी वहीत एवढंच लिहिलं. बाकीचं त्यांना संध्याकाळी कळलं.

त्यांचे धाकटे दीर पियानो सुरात लावून देत. त्यांच्या हातची तार उतरली, असं चाळीस वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. खोड एकच. काही बेसूर कानावर पडलं, मग ती दाराची बिजागरी असो की गळका नळ, की जीभ आपोआप ‘च्’ करायची. वहिनींचे यजमान म्हणायचे, “आमच्या घरात पाल नाही, धाकटा भाऊ आहे.”

स्टुडिओतल्या पियानोची एक तार सकाळपासून हट्टाला पेटली होती, म्हणून पियानोवाल्या बाईंनी त्यांना शेजारीच स्टुलावर बसवलं आणि माइक श्वाससुद्धा ऐकतो, असं बजावलं. भाऊजींनी मिठाची गुळणी धरली.

शेवटची धून चारदा फसली. पाचव्यांदा मात्र तिघांची गट्टी जमली. मध्ये ठरल्याप्रमाणे बास आणि ड्रम थांबले, बाईंनी एकच सूर वाजवून हात उचलला, आणि ती तार केसभर उतरली.

“च्.”

धून संपताच भाऊजी स्वतःच उभे राहिले. “जीभ माझी. तारही माझीच,” ते म्हणाले. चाळीस वर्षांची अब्रू आता रेकॉर्डवर चढून दुकानात जाणार होती. तार पिळून देतो, पुन्हा वाजवा, अशी त्यांनी गयावया केली.

पुन्हा वाजवलं. तार चोख, भाऊजींचे ओठ घट्ट. पण त्या जागी तिघंही थबकली आणि पुढचं सगळं मिळमिळीत झालं.

“काका, कुठे राहिलात?” ड्रमवाला म्हणाला. “मघाशी तुमच्या त्या ‘च्’वरच तर मी आत शिरलो.”

दोन्ही ऐकून झाली. दिवसभर मुका असलेला बासवाला म्हणाला, “आधीचं.” बाईंनी भाऊजींकडे पाहिलं, ते नको म्हणाले तर त्या ठेवणार नव्हत्या. भाऊजींनी आणखी एकदा ऐकलं. तार उतरलेली कळत होती. ‘च्’ मात्र बरोबर ठेक्यावर होता.

“ठेवा,” ते म्हणाले. “ती उतरली तेव्हा मी झोपलो नव्हतो, हे तरी लोकांना कळेल.”

हे सगळं त्यांनी घरी सकाळचाच डबा खाताना सांगितलं. कव्हरवर पियानो, बास, ड्रम आणि शेवटी ‘च्’ असं छापणार, हे ऐकून वहिनींना हसता हसता ठसका लागला. मग डोळे पुसून त्यांनी वही उघडली.

भाऊजींनी डबा साडेसहाला खाल्ला. स्वयंपाकघरातला नळ अजून ठिबकतो, वायसर आणायचा.